एकतीस तारखेची पाळी

आमचे अण्णा एकतीस मे रोजी, दुपारी साडेचारच्या आत कधीतरी, वारले.

हे वाक्य इथे यायला नको होतं. ते शेवटी येणार होतं, चुकून वर चढलं. चुकून वर चढलेल्या ओळींवरून आमच्या घरात बरंच काही झालेलं आहे, म्हणून ही ओळ मी मुकाट्याने खाली घेतो. तुम्ही वाचली नाही, मी लिहिली नाही, कोणी वारलेलं नाही. मार्चचा शेवटचा रविवार आहे. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून अर्धी बिडी विझवून कानामागे ठेवतायत आणि आत लक्ष्मणमामा कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट करून मला विचारतायत,

"ह्याच्यात रोडटच कोणता?"

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, निवृत्त तलाठी. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि आम्हा तिघा भावांच्या वाटणीला पंच म्हणून ते आले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी जमिनी सोडून दुसरं काही वाटलेलं नव्हतं.

"मामा, ही हार्ड डिस्क आहे," मी म्हणालो. "हिला रोड नसतो."

"रोड नसलेला प्लॉट घेऊ नये," मामा म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आमचं दुकान म्हणजे मुरली आर्ट्स, बसस्टँडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. मुरली म्हणजे मुरलीधर नेहेते, आमचे अण्णा. मूळचे पेंटर. तालुक्यातली निम्मी दुकानं, सगळ्या शाळांच्या भिंती आणि ट्रकांच्या मागची वाक्यं त्यांच्या हातची. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं, आणि इतकं देखणं की डॉक्टर लोक पाटी त्यांच्याकडूनच रंगवून घ्यायचे. फ्लेक्स आला तेव्हा बाकीचे पेंटर फ्लेक्सला शिव्या देत बसले. अण्णांनी ब्रश धुऊन, पुसून, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवले आणि फ्लेक्सचं मशीन आणलं.

आता त्या मशीनची वाटणी होती. घर वाटून झालं होतं. जुनं घर थोरल्याकडे, म्हणजे हेमराजदादाकडे. गावाबाहेरचा प्लॉट मधल्याकडे, देवेंद्रकडे, म्हणजे आमच्या देवाकडे. मी बिनलग्नाचा, मला स्टेशन रोडची खोली पुरे, असं सर्वानुमते, म्हणजे माझं मत सोडून, ठरलं. मशीनवरची कामंही वाटली गेली होती. वाढदिवस आणि पुढारी दादाकडे, लग्नं आणि श्रद्धांजल्या देवाकडे. जन्म एकाकडे, लग्न आणि मरण दुसऱ्याकडे, आणि मधल्या काळात माणसाचं जे काही होतं ते माझ्याकडे.

पण मशीन एक, आणि ते चालवणारा कॉम्प्युटरही एकच. त्याच्या पोटातल्या एका जुन्या कार्डाशिवाय मशीन म्हणजे दहा फुटी टेबल. आणि दादाला देवावर संशय, देवाला दादावर. देवाचं म्हणणं, दादा त्याच्या फाइली उघडून गिऱ्हाइकांचे नंबर काढतो. दादाचं म्हणणं, काढण्यासारखं देवाकडे आहे काय?

तेव्हा मी, जळगावला जाऊन डिप्लोमा केलेला एकमेव नेहेते, तोंड उघडलं. ते मिटलेलं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, एका कॉम्प्युटरमध्ये तीन घरं करता येतात. तिन्हींना वेगळं दार, वेगळं कुलूप. दादाला त्याचं जुनं विंडोज, देवाला नवीन विंडोज आणि मला उरलेल्या तुकड्यात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखंच, पण फुकटातलं. माझ्या घरातून छपाई कशी व्हायची हा वेगळा विषय आहे. व्हायची.

"आणि कोणाचं घर उघडायचं हे कोण ठरवणार?" दादाने विचारलं.

मग मी त्यांना ग्रब समजावून सांगितला. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी हा उठतो. आत तिघं झोपलेले असतात. हा काळ्या पडद्यावर तिघांची नावं इंग्रजीत एकाखाली एक लिहितो आणि दहापासून उलटे आकडे मोजतो. तेवढ्यात कोणी बाण दाबून नाव निवडलं आणि एंटर मारला तर त्याला उठवतो. नाही मारला, तर ज्याचं नाव आपण आधी ठरवून दिलंय त्याला उठवतो. बस. एवढंच काम.

"म्हणजे कोतवाल," मामा म्हणाले.

"कोतवालच."

"पहिलं नाव कोणाचं?"

हा प्रश्न मला तांत्रिक वाटला होता. तो नव्हता. त्यावर दीड तास गेला.

आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा, म्हणजे थोरला मुद्दाम लहान-मोठे पाडत नाही. डिस्कचे तीन वाटे दादाने पाडले, पहिली निवड माझी. मी शेवटचा तुकडा घेतला, कारण फरक काहीच नव्हता. त्यावर दादाने तो तुकडा तीन वेळा विचारून पारखला. मी फुकटात शेवटचं काही घेतो म्हणजे तिथे विहीर असणार, अशी त्याची खात्री. पण मेनूतली ओळ म्हणजे वाटा नव्हे, मान. वरची ओळ थोरल्याची, मधली मधल्याची, खालची माझी. ते ठरलं. मग आपोआप कोण उठणार? वरच्या ओळीवाला रोज उठला तर तो मालक झाला, देवा म्हणाला, आणि आम्ही त्याचे भाडेकरू.

शेवटी मामांनी तोडगा काढला. पाळी. महिन्याचे पहिले दहा दिवस दादा, पुढचे दहा देवा, पुढचे दहा मी. पाणी असंच वाटतात, मामा म्हणाले, त्यात कोणी मेलं नाही अजून.

"आणि एकतीस?" दादाने विचारलं.

एकतीस तारीख वर्षातून सात वेळा येते. ती ज्याला द्याल त्याला वर्षात सात दिवस जास्त. देवाने लगेच फेब्रुवारी काढला, मामांनी तो फेब्रुवारीत बघू म्हणून परत ठेवला. मग वहीवर पेन आपटून म्हणाले,

"एकतीस सामाईक धरा."

हे सगळ्यांना एकदम पटलं. मलाही. तीस वर्षांच्या तलाठकीत मामांनी जिथे जिथे अडलं तिथे हाच शब्द घातलेला होता. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक वाट. सामाईक विहिरीतला गाळ कोणी काढत नाही आणि सामाईक वाटेवरची बाभूळ कोणी तोडत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण वाटणीच्या दिवशी हा शब्द ऐकला की माणसाला जिंकल्यासारखं वाटतं, कारण दुसऱ्याला मिळालेलं नसतं.

मामांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला आणि स्टॅम्पपेपरवर छापला. त्यातली दोन कलमं मला आजही पाठ आहेत.

कलम सात. संगणक : दिनांक एक ते दहा हेमराज, अकरा ते वीस देवेंद्र, एकवीस ते तीस तुषार. दिनांक एकतीस सामाईक.

कलम आठ. वडील : कलम सातप्रमाणे.

सह्या झाल्या. अण्णांनीही साक्षीदार म्हणून सही केली, आणि ती इतकी सुंदर आली की मामांनी कागद उचलून उजेडात धरला.

अण्णांचा मुद्दा साधा होता. ते कोणाकडे राहायला तयार नव्हते. दुकानामागच्या खोलीत झोपत. दुकान त्यांचं होतं, वाटणीनंतरही ते त्यांचंच आहे असं ते समजत आणि त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. पण चहा, दोन वेळचं जेवण, बीपीच्या गोळ्या आणि विचारपूस ज्याची पाळी त्याच्याकडे. सकाळी जायचं, चहा-गोळी घ्यायची, जेवून परत यायचं. तिन्ही घरं चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

अडचण एकच. आईच्या मागे अण्णांच्या डोक्यातून तारखा गळून गेल्या होत्या. अक्षरं राहिली होती, तारखा नाही. 'आरोग्य केंद्र' डोळे मिटून रंगवतील, पण आज बुधवार म्हटलं की, "आसंन बापा," म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते पाळी दादाची असताना प्लॉटवर जाऊन देवाच्या ओट्यावर बसले. देवाच्या बायकोने त्यांना जेवू घातलं, आणि मग देवाने ते जेवण मामांना फोन करून कळवलं.

त्यावर तोडगा अण्णांनीच काढला. रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धं उचलायचं (पूर्ण त्यांच्याने उचलत नसे) आणि कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं. बटण दाबून ते खुर्चीत बसत आणि पडद्यावरचे आकडे मोठ्याने मोजत. दहा, नऊ, आठ. शून्य झालं की ज्याची पाळी त्याचं घर उघडायचं आणि त्याचं चित्र पडद्यावर यायचं. दादाच्या चित्रात दादा एका पुढाऱ्याला हार घालत होता. देवाच्या चित्रात त्याची मुलगी. माझ्या चित्रात आमच्या दुकानाची जुनी पाटी, अण्णांनी हाताने रंगवलेली, फ्लेक्सच्या आधीची.

"पुढारी आला," असं म्हणून ते चप्पल घालून जुन्या घराकडे निघत. "छकुली आली," म्हणून प्लॉटकडे. आणि माझ्या दहा दिवसांत, "आज मीच आलो," म्हणून स्टेशन रोडला.

एप्रिल महिना असा गेला. एक महिना बापाची पाळी एका कोतवालाने सांभाळली आणि एकदाही चुकली नाही. मी जाम खूश होतो. ग्रबच्या फाइलमध्ये तारीख वाचणाऱ्या ओळी मीच लिहिल्या होत्या. तारीख अकराच्या आत असेल तर हा, एकवीसच्या आत असेल तर तो. मध्येमध्ये मी टिपा टाकायचो. त्या फाइलीत ज्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असतं ती ओळ मशीन वाचत नाही. माणसासाठी असते ती. मशीनने न वाचायच्या जागेत मी माझे विनोद ठेवले होते. दादाच्या ओळीवर लिहिलं होतं, # रोडटच.

मध्ये एकदाच घोळ झाला. मी लिनक्स अपडेट केलं आणि त्याने मला न विचारता माझी ओळ सगळ्यात वर नेऊन ठेवली. लिनक्सला असं वाटतं की आपण लावलेला मेनू आहे, तर पहिले आपण. त्या सकाळी दादा दुकानात आला, पडद्याकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेला. चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोने, सरलावहिनींनी, निरोप धाडला की, तुषारभाऊंना सांगा, बाप जिवंत असताना वर चढायची घाई करू नये. मी ओळी परत जागेवर आणल्या. तेवढ्यात देवाने नवीन तक्रार दिली, की त्याच्या वाट्यातले दोन जीबी कमी दिसतात, दादाने बांध कोरला. मी त्याला मोजपट्टी लावून दाखवायचंच बाकी ठेवलं होतं.

तर अशा ह्या मशीनला एकतीस तारीख पहिल्यांदा यायची होती मेमध्ये. तिच्यासाठीही मी एक ओळ लिहिली होती, आणि ती मला सगळ्यांत जास्त आवडायची. एकतीस असेल तर आकडे मोजायचेच नाहीत. मेनू नुसता थांबून राहील. सामाईक म्हणजे सामाईक. विहिरीवर ज्याला तहान त्याने दोर सोडावा, तसं ज्याला काम त्याने हाताने निवडावं. मशीन कोणाची बाजू घेणार नाही. मला वाटलं होतं, इतका न्याय आमच्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

तीस मेला संध्याकाळी अण्णा माझ्याकडे जेवायला होते. मी खिचडी केली होती, ती खाली लागली होती. त्यांनी लागलेला भाग स्वतःहून घेतला आणि म्हणाले, आईचीही लागायची. उन्हाने दिवसभर सगळं गाव भाजून निघालं होतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे होता आणि अजून वारा गरमच येत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या मित्राचा जळगावला साखरपुडा होता. शर्टाला इस्त्री करत मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो.

"उद्या कोनाकडे हाये मी?" त्यांनी विचारलं.

तोंडात उत्तर होतं. उद्या एकतीस, अण्णा. उद्या सामाईक. पण ते समजावून सांगायला पाच मिनिटं गेली असती आणि इस्त्री तापलेली होती.

"मशीन सांगेल ना," मी म्हणालो. "बटण दाबा आणि दम धरा."

"हाव," ते म्हणाले. ताट धुऊन ठेवलं आणि गेले.

दुसरा दिवस रविवार. पुढचं सगळं मला रशीदभाईंनी सांगितलं. दुकानाला लागून त्यांचं सायकलचं दुकान आहे. रविवारीही ते उघडं असतं, कारण पंक्चरला रविवार कळत नाही.

नऊच्या सुमाराला अण्णांनी शटर अर्धं उचललं. बटण दाबलं. खुर्ची पुढे ओढली आणि बसले. रशीदभाईंना मोजायचा आवाज आला नाही, म्हणून त्यांनी वाकून पाहिलं.

"क्या हुआ अण्णा, आज गिनती नहीं?"

"आकडाच सुरू नई झाला आज," अण्णा म्हणाले.

दहाला त्यांनी परत पाहिलं. अण्णा तिथेच. अकराला त्यांनी चहा मागवला आणि एक कप आत धरला. अण्णांनी घेतला नाही. ज्याच्याकडे पाळी त्याच्याकडे चहा तयार असेल, बाहेर पिऊन गेलं तर त्याला वाईट वाटतं, असं म्हणाले. पंखा लावा म्हटलं तर म्हणाले, पंख्याने शाईवर धूळ बसते. हा नियम अण्णांचाच होता, छपाई चालू असतानाचा. मशीन बंद होतं, पण नियम चालू होता.

एकला रशीदभाई जेवायला घरी गेले. जाताना त्यांनी विचारलं, किसकी राह देख रहे हो?

"नंबर लागायचा हाये," अण्णा म्हणाले.

त्या वेळी जुन्या घरात सरलावहिनींनी चार माणसांचा स्वयंपाक केला, कारण अण्णांची पाळी उद्यापासून. प्लॉटवर देवा टीव्हीसमोर झोपला होता, कारण त्याची पाळी वीसला संपली. आणि मी जळगावला बासुंदीची दुसरी वाटी घेत होतो, कारण माझी काल संपली. तिघांपैकी एकाचाही हिशेब चुकलेला नव्हता. स्टॅम्पपेपर काढून बघा.

साडेचारला रशीदभाई परत आले. पत्र्याचं शेड भट्टीसारखं झालं होतं, शटरच्या कडेला हात लावला तर भाजला. अण्णा खुर्चीतच होते, पडद्याकडे तोंड करून. मान थोडी कलली होती, पेंटर लोक अक्षर सरळ आलंय का बघताना कलवतात तशी. म्हणून पहिल्यांदा रशीदभाईंना काही वाटलं नाही.

त्यांनी दादाला फोन लावला. रशीदभाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. फोनवर त्यांनी इतकंच म्हटलं होतं की अण्णांना काहीतरी झालंय, ताबडतोब या. आणि दादा म्हणाला होता,

"माझी पाळी उद्यापासून आहे, रशीदभाई. तुषारला लावा."

दादाला मी त्यासाठी कधी दोष दिला नाही. त्याला वाटलं, अण्णा जेवायचे राहिलेत. मला फोन आला तेव्हा मीही पहिलं वाक्य तेच बोललो. काल रात्रीपर्यंत माझी होती, म्हणालो.

मी पोहोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. अण्णांना मागच्या खोलीत नेऊन झोपवलं होतं. डॉक्टर येऊन, उष्माघात म्हणून सांगून, परत गेले होते. त्यांच्या दवाखान्याची पाटी अण्णांच्या हातची. दादा आणि देवा दुकानात उभे होते, मशीनच्या दोन बाजूंना. कॉम्प्युटर चालूच होता. काळा पडदा, तीन ओळी, आकडा नाही.

ज्या ओळीवर मेनू उभा असतो तिच्यावर पांढरी पट्टी असते. ती आपोआप पहिल्या ओळीवर येते. कोणी हात लावला नाही, तर दिवसभर पहिल्या ओळीवर राहते.

ती तिसऱ्या ओळीवर होती.

मी ते बघितलं, आणि मग कीबोर्डकडे बघितलं. फ्लेक्सच्या दुकानातल्या कीबोर्डवर धूळ असते. खालच्या बाणाच्या बटणावर ती नव्हती. एंटरवर होती.

"ती पट्टी तुझ्या नावावर का थांबली?" देवाने विचारलं.

"एकतीसला असंच असतं ते," मी म्हणालो.

दादाने मान हलवली. दोघांचाही माझ्यावर विश्वास होता. त्या मशीनबद्दल मी सांगेन ते खरं, हे वाटणीत न लिहिता ठरलेलं होतं. मी पुढे झालो, वरचा बाण दोनदा दाबला, पट्टी दादाच्या नावावर नेऊन ठेवली आणि मशीन बंद केलं. पुराव्यात फेरफार करायला मला दोन सेकंद लागले.

अण्णांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण माझं नाव त्यांनी माझ्या शाळेच्या पेटीवर इंग्रजीत रंगवून दिलं होतं, लाल अक्षर, पिवळी सावली. ती अक्षरं त्यांच्या हाताला ठाऊक होती. दिवसभर वाट बघून कधीतरी त्यांनी बाण दोनदा दाबला आणि माझ्या नावावर येऊन थांबले. एंटर त्यांना माहीत नव्हतं, असं मी सुरुवातीची काही वर्षं धरून चाललो. मग आठवलं की, माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मीच शिकवलं होतं, दोनदा, आणि ते म्हणाले होते, "दाबता येते मले. पन बापानं दाबू नये."

एक जूनला श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायचा होता. श्रद्धांजली हा देवाचा विभाग, पण एक तारीख दादाची पाळी. मग दादाने स्वतःचा पासवर्ड देवासमोर टाइप केला, मोठ्याने, एकेक अक्षर उच्चारत. दोन महिने जो पासवर्ड लपवण्यासाठी आम्ही एका कॉम्प्युटरची तीन घरं केली, तो अण्णांचं नाव होता. देवाचाही तोच असणार. माझा तोच होता.

खाली शोकाकुल म्हणून कोणाची नावं कोणत्या क्रमाने घालायची, हे कोणी काढलंच नाही. मामा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "घाला, समस्त नेहेते परिवार. सामाईक." आणि म्हणता म्हणता त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यानंतर कुठल्याही वाटणीला ते पंच म्हणून गेले नाहीत. चार वर्षांपूर्वी तेही गेले.

ह्या सगळ्याला आता दहा वर्षं झाली. फ्लेक्सचं मशीन भंगारात गेलं. दुकानं वेगळी झाली. तो कॉम्प्युटर कोणालाच नको होता, म्हणून माझ्या वाट्याला आला. अजून चालतो. त्याच्या आतला घड्याळाचा छोटा सेल कधीच मेला आहे, त्यामुळे बटण दाबलं की दर वेळी त्याला वाटतं आज एक जानेवारी. आकडे मोजतो आणि दादाचं घर उघडतो. पुढारी येतो. त्या मशीनमध्ये आता एकतीस तारीख येतच नाही. सेल पन्नास रुपयांत मिळतो. मी बदललेला नाही.

पण मेअखेरीस एकदा मी माझं घर उघडतो. पडद्यावर जुनी पाटी येते. 'आज मीच आलो' असं म्हणायला कोणी नसतं. मग ग्रबची फाइल उघडतो. एकतीस तारखेची ती ओळ अजून तिथेच आहे, आणि तिच्या खाली, मशीन वाचत नाही त्या जागेत, माझा एक मजकूर आहे. मामांच्या भाषेत लिहिला आहे, कारण असल्या गोष्टींची दुसरी भाषा मला येत नाही. दर वर्षी एखादा शब्द सुधारतो, सेव्ह करतो आणि बंद करतो.

# प्रति, मा. पंच, वाटणीपत्र, मुरली आर्ट्स.
# विषय : दिनांक ३१ मे ची पाळी अर्जदाराचे नावे लावून मिळणेबाबत.
# महोदय, उपरोक्त दिनांक कलम सात अन्वये सामाईक धरणेत आलेला असून कलम आठ अन्वये वडील हेही त्या दिवशी सामाईक झालेले आहेत. सदर दिवशी वडिलांनी स्वहस्ते अर्जदाराचे नावाची निवड केलेली होती. केवळ एंटर दाबणे बाकी आहे.
# सबब विनंती की, सदर दिवसाची पाळी, सकाळी नऊ वाजलेपासून, चहा व गोळीसह, पूर्वलक्षी प्रभावाने अर्जदाराचे नावे लावण्यात यावी.
# इतर वारसांची हरकत नाही.
# कळावे, ही नम्र विनंती.